दीपकला पाजलेली कॉफी

माझ्या तोंडात लय आवाज हायेत. जीपवाल्याचा, हेडसरांचा, पंगतीत वाढताना वरडनाऱ्या मामाचा — कुनाचा बी मागा. पन आता जे सांगायलोय, ते मी कुनाच्याच आवाजात कधी बोललो न्हाई. आईला न्हाई, दोस्ताला न्हाई. तुमची माझी ओळख न्हाई — म्हनून तर जीभ सुटायलीय.

दीपक माझा सख्खा चुलतभाऊ. सेलूत आमचं अंगन एकच. ल्हानपनापसून साऱ्या सोयऱ्यांत ठरलेलं — दीपक हुशार, मी हसवनारा. वाटनी झालती की ओ! त्याला मार्क, मला टाळ्या. मी कधी त्याच्या मार्कावर नजर ठेवली का? मग त्यानं माझ्या टाळ्यांत कामून यावं?

तर आला. आजारी पडून आला.

मागच्या साली त्याचं काळीज बसल्या जागी पळायला लागलं. शर्टावरून दिसायचं, असं पळायलतं. परभणीला नेलं, मी संगं होतो. डॉक्टरनी ॲडेनोसिन नावाचं इंजेक्शन झटक्यात शिरेत सोडलं, मागून सलाईनचं पानी ढकललं. दीपकचं तोंड लालबुंद. मशीनवरची रेघ — सपाट! काही सेकंद काळीज थांबलंच. मग टुक... टुक... असं नीट चालू लागलं.

डॉक्टर समजावून सांगनारे होते. म्हनले, हा पदार्थ आपल्या अंगात बी असतो; काळजाला म्हनतो, दमानं घे. पन चहा-कॉफी त्याची जागा आधीच धरून बसतात — यष्टीत खिडकीतून रुमाल टाकावा तसं. इंजेक्शन आत येतं आन बसायला जागाच न्हाई. "म्हणून परत त्रास झाला तर काय प्यालात ते आधी सांगायचं."

हे दीपकनं ऐकलं. मी बी ऐकलं — नीट ऐकलं.

घरी आल्यावर दीपक मरून आलेला मानूस झाला. जिथं जाईल तिथं, "दीपक, सांग की, काळीज थांबल्यावर काय दिसलं?" आन ह्यो हळू आवाजात सांगायचा, "वाटलं, संपलं आता." बाया डोळ्याला पदर लावायच्या. मी मधीच हेडसरांचा आवाज काढला, तर म्हने, "थांब रे पप्या, त्याचं ऐकू दे." थांब रे पप्या! मी काय करायचं होतं, मरून दाखवायचं होतं? खरं सांगू — मला त्याचा आजार पाहिजे होता. असं कुनाला वाटतं का? मला वाटलं.

मग पाथरीला आत्याच्या पोरीची हळद. थंडी पडलेली, मंडपाच्या कडंला कॉफीचं मशीन फुसफुसायलतं. दीपकच्या भवती घोळका. मी कप घेऊन गेलो.

"नको रे पप्या, मी सोडलीय."

"मरून आलेला मानूस कॉफीला भ्यायलाय, बगा रे!"

हे मी त्याच्याच हळू आवाजात म्हनलो. हुबेहूब. घोळका खदखदला. दीपक बी हसला — आन प्याला. दुसरा कप बी मीच आनला. कडक.

जरा वेळानं त्यानं छाती धरली. लोकाला वाटलं, गोष्ट करून दाखवायलाय. दोघं-तिघं हसले बी. मला मातर कळलं.

जीपनं परभणी. काकू, म्हंजी दीपकची आई, रस्ताभर माझा हात धरून. तेच डॉक्टर. सुई हातात घेऊन विचारलं, "चहा, कॉफी काही?" दीपकला दम लागलेला, बोलता येईना. काकू माझ्याकडं बगायल्या. काय बोलायचं होतं — मी पाजली म्हनून?

"न्हाई सर. बिलकुल न्हाई."

दीपकनं मान वळवून माझ्याकडं बगितलं.

पहिलं इंजेक्शन गेलं. रेघ तशीच पळायली. दुसरं, जास्तीचं. दीपकचं तोंड लाल, डोळे वर, "आई गं" — रेघ जरा अडखळली आन परत सुटली. "असं का होतंय?" डॉक्टर स्वतःशीच म्हनले. तवा तरी मला बोलता आलं असतं. जीभ जाग्यावर होती ना? शेवटी गुंगी देऊन त्याच्या छातीला शॉक दिला.

वाचला. आता ती गोष्ट बी सांगतो — इंजेक्शनं, शॉक, सगळं — आन मधीच म्हनतो, "पप्या होता म्हनून." कॉफीचं तेवढं गाळतो. कामून गाळतो, मी कधी विचारलं न्हाई. काकू अजून मला तव्यावरची पहिली भाकर वाढतात. मी खातो.

पन कॉफी काय, खोटं काय — हे बाहेर-बाहेरचं झालं. आतलं निराळंच हाय. पहिलं इंजेक्शन वाया गेलं, रेघ काय सपाट झाली न्हाई. काकू भिंतीला टेकून रडायलत्या. आन मला — मला बरं वाटलं. मनात म्हनलो, चला, आज ह्याला मरायला जमलं न्हाई; आता सांग म्हनावं गोष्ट.

आन मी हसलो. जराच. दीपक माझ्याकडंच बगायलता.