मेथीच्या वाफ्यात कोंबड्या

कोंबड्या तण काढतात असं समजून मी बायकोच्या मेथीच्या वाफ्यात घरच्या सगळ्या कोंबड्या सोडल्या.

हे अजाणता झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मी तेव्हा गावच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेचा सेक्रेटरी होतो आणि हे काम मी पूर्ण विचार करून केलं. सेक्रेटरी कसा झालो म्हणाल, तर पहिल्या बैठकीला मी वेळेवर गेलो. बाकीचे आले तेव्हा मी खुर्चीवर बसलेला होतो. आता ह्याला उठवायचं कसं, म्हणून त्यांनी मला तिथंच राहू दिलं.

साल दुष्काळाचं. विहिरींचे तळ दिसत होते, प्यायला टँकर. त्या वर्षी गावात आंघोळीची एक वेगळीच रीत पडली. परसात वाफे करायचे, कडेला एक फरशी टाकायची आणि तिच्यावर बसून आंघोळ करायची. पाणी अंगावरून थेट भाजीला. फरशी रोज पुढं सरकायची. "आज मिरचीला बसा," असं बायको सांगायची आणि मी मुकाट मिरचीला बसायचो. मेथीची पाळी असली की मात्र तांब्याभर पाणी जास्त मिळायचं.

मेथीचे एवढे लाड, कारण येळवस जवळ आली होती. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात माणसं शेतात जाऊन जेवतात आणि येईल त्याला जेवू घालतात. त्या जेवणात मान भज्जीचा. तळलेली भजी नव्हेत. ही वालातुरीचे दाणे आणि हिरवा पाला बेसनात शिजवून केलेली भाजी. दाणे घरात होते. हिरवं म्हणाल तर शेतात काडी नव्हती, जी काय होती ती ही परसातली मेथी. आणि चौसाळ्याला दिलेली माझी थोरली बहीण लग्नानंतर पहिल्यांदाच येळवशीला यायची होती. अक्का माहेरी आली आणि तिला भज्जी मिळाली नाही, हे बायकोच्या जिवाला फार लागलं असतं.

पण सगळ्या शिवारात ओल उरलीय ती ह्या परसात, हे तणालाही कळलं होतं. लव्हाळा, हराळी, गाजरगवत, सगळी मंडळी आमच्याकडं मुक्कामाला. बायको रोज खुरपं घेऊन बसायची. मधेच तिला पाटोद्याला माहेरी जावं लागलं. निघताना म्हणाली, "तेवढं तण काढा. दुसरं काय बी करू नका."

ह्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं.

खुरपं घेऊन बसलो. लव्हाळ्याचं असं आहे की वरची पात हातात येते आणि खालची गाठ जमिनीत राहून आपल्याला हसते. अर्ध्या वाफ्यातच माझे गुडघे कुरकुरायला लागले. तिकडं खुराड्यात कोंबड्या ओरडत होत्या. ज्वारी पिकली नव्हती, खाद्याची सगळ्याच सभासदांकडं बोंब. आणि मला सुचलं. इकडं तण, तिकडं उपाशी चोची. मी तसाच उठून संस्थेच्या ओट्यावर गेलो आणि बसलेल्या चार सभासदांना ही योजना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"लई भारी हाय," एक जण म्हणाला. "आदी तुमी करा, सेक्रेटरी. मंग आमी बगतो."

घरी येऊन मी खुराडं उघडलं, चहा केला आणि बाजेवर बसलो. कोंबड्या काय मन लावून कामाला लागल्या! पायांनी माती उडवतायत, चोच मारतायत, पुन्हा उकरतायत. मला वाटलं, गुडघे नाहीत म्हणून ह्यांना जमतं.

शेजारी मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री राहत. त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"काय चाललंय, सेक्रेटरीसाब?"

"तण काढतायत."

मिस्त्रींनी वाफ्याकडं बोट केलं. "मंग गाजरगवत कशापायी ठिवलंय त्यांनी?"

मी उठून जवळ गेलो. मेथी होती तिथं नुसती माती. गाजरगवत मात्र दिमाखात उभं होतं, लव्हाळाही. बुडाची माती छान भुसभुशीत झालेली, वर कोंबडखतही पडलेलं. आमच्याकडं एवढी निगा आजवर कुठल्याच पिकाची राखली गेली नव्हती.

नांदूरघाटच्या बाजारात धावत गेलो. मेथीचं नाव काढल्यावर भाजीवाली माझ्याकडं बघून नुसती हसली. पालकही नव्हता.

बायको आली ती आधी परसात गेली.

"मेथी?"

"खुडली."

"कुणी?"

मी खुराड्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग आत गेली, पाटी घेऊन बाहेर आली आणि गावात निघाली. माझा सल्ला एकाही सभासदानं मानला नव्हता, त्यामुळे घरोघरच्या वाफ्यात मेथी शाबूत होती. प्रत्येक घरातून मूठ मूठ मिळाली. प्रत्येक घरात "तुमच्या मेथीला काय झालं वं?" असं विचारलं गेलं, आणि तिनं प्रत्येक घरात ते सविस्तर सांगितलं. पाटी भरेस्तोवर माझं गावात काही शिल्लक राहिलं नाही.

मेथी दिलेल्या सगळ्यांना तिनं जेवायचं आवतन दिलं होतं. येळवशीला ते सगळे आमच्या शेतात आले, मिस्त्रीही आले. जुना कडबा उभारून केलेल्या कोपीत पूजा झाली, बाभळीखाली पंगत बसली. ओट्यावरचे चारही सभासद माझ्या समोरच. मेथी जेमतेम, माणसं भरपूर. पण भज्जी अशी जमली होती की अक्कानं पहिल्या घासालाच बायकोकडं बघून मान डोलावली. बायकोचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला. पातेल्याचा तळ दिसायला लागला होता. सगळं निभावलं, असं वाटून मीही ताट पुढं केलं.

अक्कानं वाढपिणीच्या हातातला डाव धरला.

"त्याला नको वाढू," ती म्हणाली. "त्याच्या वाटची कोंबड्यांनी खाल्ली."