उसन्या कडब्याची कोप

मी पुण्यात मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेते. रंगीत कागद, गोंद, आइस्क्रीमच्या काड्या, सगळं पाकिटात तयार. शिरूर अनंतपाळजवळ शेतशाळा चालवणाऱ्या शोभाताईंनी वेळ अमावस्येला बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर, तिथल्या मुलांना आपणच चार गोष्टी शिकवून येऊ, असा माझा थाट होता. आठ वर्षांच्या रेवाला घेतलं आणि निघाले.

जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा. वेळ अमावस्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवायला जातो आणि गावात चहासुद्धा मिळायची पंचाईत होते. आम्ही सकाळी लातूरला उतरलो, स्टँडसमोर चुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाल्ला आणि काळीपिवळीत कोंबून बसलो. जीपमध्ये उदगीरचा नवा जिल्हा होणार का, यावर जोरात वाद चालला होता. शेवटी एक म्हातारबाबा म्हणाले, "जिल्हा कुठलाबी करा बाबांनो, टँकर तेवढा आमच्या गल्लीतून जाऊ द्या." बाहेर रस्त्याच्या कडेने रिकाम्या घागरींची रांग लागली होती. ज्वारी गुडघ्याएवढीच राहून पिवळी पडली होती.

शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लिंबाचं झाड आणि चार एकर रान. मुलं गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहीत होती. हात धुतलेलं पाणी मातीच्या घमेल्यात जात होतं आणि त्याच मातीचे बैल घडत होते. रेवाने पहिल्यांदा नाक मुरडलं. अर्ध्या तासाने तिच्या कोपरापर्यंत चिखल होता आणि ती मला ओळख दाखवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोप बांधायची होती. कोप म्हणजे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली लहानशी खोप. आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, पिकात आंबील शिंपडायची आणि मग सगळ्यांनी जेवायचं. पण यंदा कडबा कुणाकडे होता? शोभाताई कोपीशिवायच पूजा करणार होत्या. तेव्हा सारिका नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने घरून बारा पेंढ्या आणल्या, वडिलांना शब्द देऊन. त्यांनी दोन बैल चारा छावणीवर न पाठवता घरीच ठेवले होते आणि त्यांना रोज मोजून वैरण पडत होती. पेंढ्या सांजच्याला जशाच्या तशा परत जायच्या होत्या, म्हणून ना बंध सोडायचा, ना कडब्याचं एक ताट मोडायचं. मुलांनी पेंढ्या नुसत्या एकमेकींना टेकवून अशी कोप उभी केली की मी बघत राहिले.

हे सगळं शोभाताईंनी मला सकाळी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. तरीही मुलं पाच दगड शोधायला गेली तेव्हा मला कोपीची वाकडीतिकडी टोकं खुपायला लागली. वर्गात कागदाच्या कडा कापायची सवय. तिथे विळा पडला होता. तीन पेंढ्यांचे शेंडे मी झकास एका रेषेत आणले आणि लांब उभी राहून कौतुकाने बघितलं.

मुलं दगड घेऊन परतली. सारिका माझ्यावर चिडली नाही, रडलीही नाही. खाली बसून ओंजळीने तुकडे गोळा करायला लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी, म्या बाबाला शब्द दिल्ता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मीही गुडघ्यांवर बसले. सगळ्या मुलांनी मातीतून पान न् पान वेचलं आणि माझ्या ओढणीत बांधलं. पूजा झाली. पालेभाज्या न् शेंगादाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, गार आंबील; इतकं चविष्ट जेवण, पण माझं लक्ष ओढणीच्या गाठीकडेच.

उन्हं कलल्यावर आम्ही पेंढ्या डोक्यावर घेऊन सारिकाच्या घरी गेलो. मी वडिलांसमोर ओढणी सोडली आणि चूक माझी आहे, पोरीची नाही, असं सांगितलं. पैसे द्यायला पर्समध्ये हात घातला, तर त्यांनी हातानेच थांबवलं. तुकडे मुठीने दावणीत टाकले. दोन्ही बैल खाली मान घालून खाऊ लागले.

"दरसाली कोप रानातच सडून जाती, ताई," ते म्हणाले. "यंदा पैल्यांदाच पांडवांचा परसाद बैलाच्या तोंडी लागलाय." मग सारिकाकडे वळून म्हणाले, "पुढल्या सालीबी ने."

सारिका तेव्हा कुठे हसली. मला मात्र तिथेच रडू फुटलं.

पुण्यात परतल्यावर शनिवारच्या वर्गात आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी होती. नेहमीचीच, पालकांची आवडती. मुलं गोंद लावून मोकळी झाली. रेवा काड्या हातात घेऊन तशीच बसली होती.

"आई," तिने विचारलं, "ह्या नंतर कुणाला परत द्यायच्या?"

मी गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि तिच्या शेजारी खाली बसले.