आत्याची वही आणि चार कड्यांची फाईल

आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. बारसं असो की साखरपुडा, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतं, "ते म्हशीचं सांगा की." कुणीच म्हणालं नाही तर मी जरा खाकरतो. मी खाकरलो की बायको भांडी आवरायला उठते. तिला ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

म्हशीचं ते असं. आमचे आजोबा घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेले. दलालानं एक थोराड, तेल चोपडून चकचकीत केलेली म्हैस पुढे केली. बरोबरचे सगळे म्हणाले, डोळे झाकून घ्या. आजोबांनी एक डोळा बारीक केला (इथे मीही करतो) आणि दावणीच्या पार टोकाला बांधलेल्या एका हडकुळ्या म्हशीकडे बोट दाखवलं. लोक हसले. पण ती हडकुळी पुढे आठ वेतं घरभर दूध देत राहिली, आणि चकचकीत म्हैस घेणारा माणूस पुढच्याच बाजारात ती विकायला उभा होता. तेव्हापासून आमच्यात कुणी काही नीट पारखून आणलं, की म्हणायचं, आजोबांची नजर आहे.

ऐकणाऱ्यांत नेहमी माझी धाकटी आत्या असायची. भिंतीला टेकून, मान थोडी वर करून ऐकायची, आणि सगळे हसले की हसायची. आत्याला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी काही वर्षं ती शहरातल्या एका अंधशाळेत राहिली. परत आली ती ब्रेल शिकून, आणि एक पत्र्याची पाटी व लाकडी मुठीची टोचणी घेऊन. लग्न केलं नाही. सुप्याजवळच्या आमच्या गावात, आमच्याच घरात राहिली. दुपारी जेवण झालं की ती जाड कागद पाटीत अडकवायची आणि टोचायला बसायची. टक, टक, टक. ब्रेल कागदाच्या पाठीमागून टोचतात, उजवीकडून डावीकडे. पान उलटलं की पुढच्या बाजूला ठिपके उठलेले असतात, आणि त्यांवरून बोट फिरवून वाचायचं.

अशी सव्वाशेच्या वर पानं तिनं साठवली होती. दोन भोकं पाडून सुतळीनं बांधलेली, वर जुन्या सतरंजीचा तुकडा गुंडाळलेला. घरात सगळे धरून चालले होते की त्यात अभंग आहेत. का, ते विचारू नका. म्हातारी बाई रोज काहीतरी लिहिते म्हणजे अभंगच, एवढाच आमचा हिशेब. गोष्टींवर जगणारा मी, पन्नाशी उलटली तरी एकदाही तिला विचारलं नाही की आत्या, काय लिहितेस.

सुतळी आता विरत चालली होती. कडेची पानं कुरतडल्यासारखी झाली होती. अशात माझा मेहुणा, जो सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे, एक फाईल घेऊन आला. त्यांच्याकडे यंत्रांची माहितीपुस्तकं आता कॉम्प्युटरवर गेली, जुन्या फायली भंगारात निघाल्या.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही कचेरीतला माणूस. तुम्हाला किंमत कळेल."

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. आयुष्यभर लाल नाडीच्या आणि पत्र्याच्या क्लिपच्या फायली हाताळल्या. पण असली चीज पाहिली नव्हती. काळ्या रेक्झिनचे दोन पुठ्ठे, पाटासारखे जाड. मधे पोलादी कणा, त्यावर चार कडी. खालचा चाप दाबला की चारही कडी एकदम उघडायची. पानं ओवायची, दाबायचं, आणि टक्. चारही एकाच क्षणी बंद. फट शोधायला नख फिरवलं तर सापडेना. पुठ्ठे मिटले की आतलं पान बाहेर डोकावतसुद्धा नाही. पाणी उडालं तरी रेक्झिनवरून ओघळून जाईल. मी ती फाईल संध्याकाळभर नुसती उघडत आणि मिटत बसलो. चार कड्यांना एकमेकांचं कसं कळतं, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं. कण्यावर जुन्या यंत्राची चिठ्ठी तशीच होती. ते यंत्र पत्रा दाबायचं होतं. ते मी वाचलं, पण त्यातून काही बोध घेतला नाही.

त्याच आठवड्यात आत्या थोरल्या आत्याकडे अकोल्याला गेली. मी ठरवलं, ती यायच्या आत तिची वही या फाईलमध्ये बसवून टाकायची. बायको म्हणाली, "आत्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, विचारलं तर गंमत काय राहिली.

सुतळी सोडली. पानं एकावर एक ठेवली तर ढीग कड्यांच्या बाहेर. ठिपक्यांमुळे प्रत्येक पान फुगलेलं. मला आठवलं की बांधणीवाले पुस्तक बांधण्याआधी दाबून ठेवतात. तेव्हा मी पानं पाटावर सारखी केली, वर दुसरा पाट ठेवला, आणि त्यावर ज्वारीची दोन भरलेली पोती. चार दिवस. पाचव्या दिवशी ढीग निम्मा झाला होता. मला इतका आनंद झाला की मी बायकोला बोलावून दाखवला. भोकं पाडली, कड्यांत ओवली, चाप दाबला. टक्.

आत्या आली. चहा झाल्यावर मी फाईल तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी पुठ्ठे चाचपले, कडी चाचपली, चारदा उघडून मिटली. चेहरा खुलला. मग पहिलं पान उघडून तिनं उजव्या हाताचं बोट डावीकडून फिरवलं. परत फिरवलं. पान उलटलं. दुसऱ्यावर दोन्ही हात ठेवले.

"कोरा कागद लावलास का रं?"

मी म्हणालो, तुझंच आहे सगळं.

ती मधली पानं उघडत गेली. कुठेकुठे बोट अडखळायचं, पुन्हा मागे यायचं, आणि काहीच न सापडल्यासारखं उभं राहायचं. मग तिनं विचारलं, वर काय ठेवलं होतंस. मी सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"त्यात बाबा हुते," आत्या म्हणाली. "आई हुती. समदी बोलत्याली मानसं हुती. लिवलं म्हनून मी डोक्यातनं काडून टाकलं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला जमलं असतं, मला ओरडा खायची सवय आहे. ती उठली, हातानं भिंत धरत खोलीत गेली आणि पाठ करून झोपली. फाईल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती दारात घेऊन बसलो. काय करणार होतो कोण जाणे. एक पान सोडवलं आणि उलटं धरलं. ऊन तेव्हा कोवळं होतं, अगदी आडवं येत होतं. आणि त्या आडव्या उन्हात पानाच्या पाठीवर बारीक बारीक सावल्या दिसल्या. थापलेल्या भाकरीवर बोटांचे ठसे दिसावेत तशा, पण राईएवढ्या. टोचणी जिथे जिथे लागली होती तिथला खळगा पुरता बुजला नव्हता. बोटाला लागत नव्हता, पण डोळ्याला दिसत होता. ओळीमागून ओळ, सगळं पान भरून.

मी आत्याला उठवलं. आधी तिचा विश्वास बसेना. मग तिनं पाटी मागवली. पाटीच्या कोपऱ्यांत बारीक काटे असतात, कागद सरकू नये म्हणून. त्या काट्यांची जुनी छिद्रं कागदात होती. तिनं चाचपून तेच पान त्याच छिद्रांत पुन्हा बसवलं, वरची चौकोनी खिडक्यांची पट्टी लावली आणि टोचणी माझ्या हातात दिली.

"खड्डा दिसंल तिथंच दाब. न्हाई दिसला तर सोड. तुजं डोकं लावू नको."

हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. मी गोष्टी कशा सांगतो ते तिला ठाऊक होतं.

पहिली ओळ व्हायला अर्धा तास लागला. अंगठ्यात टोचणी घुसली, चष्मा दोनदा पुसला. पान काढून तिच्या हातात दिलं. तिनं बोट ठेवलं, फिरवलं, आणि ओळीच्या शेवटी तिचे ओठ हलले. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. दोन पोत्यांखाली चार दिवस दबलेला कुणीतरी तिच्या बोटाशी पुन्हा बोलला होता, आणि तो माझ्या हातून उठला होता, आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी देवळात फारसा जात नाही. पण त्या सकाळी दारात बसून मला जे वाटलं, ते लोकांना तिथे वाटत असावं.

मग रोजचंच झालं. कचेरीला जायच्या आधी, ऊन आडवं असेपर्यंत, एक पान. कधी अर्धंच. पितृपक्षात सुरुवात केली, संक्रांत गेली तरी चालू होतं. ढगाळ दिवशी सुट्टी. मी टोचायचो, ती तपासायची. तपासताना कधी हसायची, कधी पदरानं नाक पुसायची. मी विचारलं की म्हणायची, तुझं काम टोचायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या गोष्टींच्या इतका जवळ बसलो होतो आणि मला एकही सांगता येत नव्हती. बायकोला हे फार आवडलं.

एका सकाळी आत्याचं बोट ओळीच्या सुरुवातीलाच थांबलं. ती म्हणाली, "हे तुला आईकाय पायजे." आणि हळूहळू, बोट पुढे जाईल तसं वाचू लागली.

"बाबांनी मला घोडेगावच्या बाजारात न्हेलं. दलालानं म्हस म्होरं केली. समदे म्हनले, लई चकाकती. चकाकनं म्हंजी काय मला ठावं न्हाई. मी कासंला हात लावला. मागल्या एका सडात चिंचोक्यावानी गाठ हुती. बाबांच्या कानात सांगितलं. मग बाबांनी मला दावनीनं फिरवलं. शेवटच्या म्हशीची हाडं हाताला लागली, पन कास लोन्यावानी मऊ, आन पोटाखालची दुदाची शीर माज्या करंगळीएवडी. मी म्हनलं, बाबा, ही. वाटंत बाबा म्हनले, घरी सांगू नको, आंधळ्या पोरीनं म्हस पारखली म्हनून लोक हसत्याल. म्हनून मी सांगत न्हाई. लिवती."

टोचणी माझ्या हातातच होती. वीस-पंचवीस वर्षं मी तिच्यासमोर एक डोळा बारीक करून आजोबांच्या नजरेचं कौतुक केलं होतं. मी तसं तिला म्हणालो.

"तू डोळा बारीक करतुस ते मला कुटं दिसतं," ती म्हणाली. "आवाज बारीक करतुस तेवडं कळतं."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"बाबांनी नको म्हनलं हुतं. आन तू लई रंगून सांगतुस." मग ती म्हणाली, "पन ते पान पोत्याखाली गेलं तवा वाटलं, आता बाबांचीच नजर खरी व्हायची."

मी तिचा हात हातात घेतला. आमच्या घरात अशी पद्धत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना. मी दुसरं पान काट्यांवर बसवलं.

सगळी पानं उठली नाहीत. सर्वांत खालची नऊ पुरती बुजली होती, उन्हात कितीही फिरवली तरी गुळगुळीत. मी म्हणालो, ती काढून ठेवूया. आत्या नको म्हणाली. ती आपापल्या जागी कोरीच राहू दे, बोटाला कळू दे की इथे काहीतरी होतं. ती नऊ पानं माझ्या नावावर आहेत.

आता ढीग पुन्हा पूर्वीइतका झाला आणि फाईल मिटेना. मी पुन्हा दाबायच्या गोष्टी करायच्या आत बायकोनं आमच्या लग्नाचा अल्बम आणून समोर ठेवला. त्यात दर दोन पानांच्या मधे, कण्याजवळ, पुठ्ठ्याची बारीक पट्टी आहे, फोटो एकमेकांना घासू नयेत म्हणून. तिनं शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तशा पट्ट्या केल्या. मेहुण्यानं आणखी तीन फायली आणल्या, आणि येताना म्हणाला, "दाजी, ज्वारी दळून झाली ना?" वही चार भागांत विभागली. आता कडी पानांना फक्त काठाशी धरतात. मधे पट्टी आहे, आणि पट्टीपलीकडे प्रत्येक पान आपल्या ठिपक्यांसकट मोकळं. वर जाड पुठ्ठे, आत ती सगळी बोलणारी माणसं. चाप दाबून टक् झालं की मला अजूनही नवल वाटतं, पण आता ते पोलादाचं कमी आणि आतल्याचं जास्त.

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, म्हशीचं सांगा. मी खाकरलो नाही. दुसरी फाईल आत्याच्या मांडीवर ठेवली आणि समोर जाऊन बसलो. आत्यानं वाचलं. माझ्यासारखे हातवारे नाहीत, आवाज बारीकमोठा नाही. "आंधळ्या पोरीनं म्हस पारखली" इथे आल्यावर मांडवातल्या थोरल्या आत्यानं तोंडावर पदर घेतला. तिलाही माहीत नव्हतं. बायको त्या दिवशी भांडी आवरायला उठली नाही.

फाईलचा एक गुण मला उशिरा कळला. सुतळीच्या वहीत मागाहून पान घालता येत नव्हतं. हिच्यात चाप दाबा, ओवा, झालं. परवा दुपारी आत्या पुन्हा पाटी घेऊन बसली. बऱ्याच वेळानं तिनं एक नवं पान माझ्या हाती दिलं आणि शेवटच्या फाईलमध्ये घालायला सांगितलं. मी पट्टी लावली, कड्यांत ओवलं, चाप दाबला. मग विचारलं, यात काय आहे.

"ज्वारीची पोती," आत्या म्हणाली, आणि फाईल मिटून मांडीवर घेतली.