पोथीवाल्याचं भूत

त्या दुपारी मला जे ऐकावं लागलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. त्यात चूक माझीच, हे कबूल करणं त्याहून जड जातं. भूत मी तयार केलं होतं, आणि तेही माझ्या बापाला टोचावं म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी मुलगी पुण्याहून कॉलेजच्या दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि आम्ही चौघी माझ्या माहेरी, चौसाळ्याजवळच्या गावी गेलो. या पोरींना एका खेळाचं वेड आहे. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली योद्धी, चेटकीण असं काहीबाही व्हायचं, आणि आलेल्या संकटातून सुटलो की मेलो हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. मुलगी म्हणाली, आई, या वेळी खलनायक तू कर, तुझी जीभ तिखट आहे. खोटं नाही ते.

मी केला. एक मेलेला पंडित. सगळ्या रोगांची औषधं लिहिलेली पोथी छातीशी धरूनच त्यानं प्राण सोडला, हयातीत कुणाला एक पान दाखवलं नाही. आता तो पडक्या पाठशाळेत बसून असतो. भोवतालची गावं आजारानं ओस पडतात आणि जो पोथी मागायला जाईल त्याची सगळी आठवण हा पंडित पुसून टाकतो. पोरी बेहद्द खूश झाल्या. तो पंडित आठ हातांवर बाजेवर पडून बिडी ओढतोय, हे त्यांना कुठलं ठाऊक!

आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, जनावराचं औषध आहे. आमच्या घरात मेंढरं कधीपासूनची. कुणाचं जनावर चारा टाकून बसलं की पार लिंबागणेशपासून वडवणीपर्यंतची माणसं आबांकडे येतात. आबा त्या जनावराजवळ उकिडवे बसतात, घटकाभर नुसतं बघतात. मग सगळ्यांना पाठ फिरवायला लावून बांधापलीकडे जातात, मुठीत पाला आणतात आणि मुठीतच चोळून त्याचा रस पाजतात. झाड कुणी बघायचं नाही, नाव विचारायचं नाही. नाव फुटलं की गुण जातो. सांगायचं ते मरायच्या आधी, आणि एकालाच.

मला भाऊ नाही. त्यामुळे तो एक म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते. फार्मसी शिकले ती त्याच पायी. लग्न झालं, वडवणीत मेडिकल टाकलं, केस पांढरे झाले. दर दिवाळीला विचारायचे आणि दर दिवाळीला आबा म्हणायचे, बघू. लेक परक्या घरची म्हणून सांगत नाहीत, याची मला खात्रीच होती. तीस वर्षं हा काटा मी सांभाळला. आता आबांना दम लागतो, विहिरीपर्यंत गेले तरी दोनदा बसतात. म्हातारा सगळं बरोबर घेऊन जाणार, हे दिसत होतं मला.

म्हणून त्या दुपारी निंबाखाली चटई टाकून खेळ सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम आवाज चढवला. भुताची वाक्यं मीच बोलत होते. विद्या माझी आहे, माझ्याबरोबर मातीत जाईल, असं म्हणताना मी सरळ बाजेकडे बघितलं. आबांची बिडी विझली होती, ती त्यांनी परत पेटवली नाही. इकडे एका पोरीच्या फाशावर वीस पडले, तिघी ओरडल्या, भाला भुताच्या छातीपर्यंत पोचला. तेवढ्यात आबा उठून बसले.

"त्याला मारू नका, बायांनो," ते म्हणाले. "आदी पोथी उघडून बघा."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. पोथीत काय आहे ते मी ठरवलंच नव्हतं. मला ते ठाऊक असतं तर भूत कशाला लागलं असतं?

"कोरी हाय ती," आबा म्हणाले.

पोरींना ते फार आवडलं, त्या हसल्या, टाळ्या दिल्या. मी हसले नाही, कारण आबा पोरींशी बोलतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी सांगितलं. माझे आजोबा मेंढरांमागे असतानाच झटका येऊन पडले आणि त्यांची वाचा गेली. तीन दिवस हातानं खुणा करत राहिले, ओठ हलायचे, शब्द एक फुटला नाही. सुतक फिटायच्या आतच शेजारच्या गावचा एक माणूस आजारी बोकड घेऊन दारात उभा राहिला. बाप गेला तरी लेकाला औषध सांगून गेला असणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. आबा तेव्हा वीस वर्षांचे.

"न्हाई म्हणायला तोंडच उघडंना," आबा म्हणाले. "गेलो बांधापलीकडं. म्होरं निंब हुता, तोच ओरबाडला."

बोकड उठला. तिथून पुढं पंचावन्न वर्षं निंब. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या बापानं ती किती घट्ट झाकली होती! आणि जी मेली ती जनावरं, असं मी कसंबसं विचारलं. आबा म्हणाले, जे जगणार नाही ते बघता बघता कळायचं, त्याला हातच लावला नाही, थेट सरकारी दवाखान्यात धाडलं. बाकीची दोन दिवसांत आपली आपण उठायची.

"मग मला कावून न्हाई सांगितलं?" माझ्या तोंडून माहेरची भाषा कधी आली ते मलाच कळलं नाही.

"काय सांगू, माय?" आबा म्हणाले. "कोरं पान दिऊ तुला?"

आधी मला प्रचंड राग आला, मग त्याहून मोठी लाज वाटली. द्यायला काहीच नसलेल्या माणसाला मी तीस वर्षं कंजूष म्हणत आले, आणि शेवटी परक्या पोरींपुढं त्याचं भूत नाचवलं. खेळ तिथंच थांबला. रात्री मी धड जेवलेही नाही.

सकाळी एक माणूस मेंढी घेऊन आला. दावणीशी आबा उकिडवे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. डोळा बघ, कान गार हायेत का बघ, पोटाला हात लाव, श्वास मोज, असं हळूहळू सांगत राहिले. बराच वेळ बघून झाल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, उठंल ही. मग ते उभे राहायला गेले, पण दम लागून परत खाली बसले.

"तू जा," ते म्हणाले.

त्या माणसाला मी पाठ फिरवायला लावली आणि बांधापलीकडे गेले. तिथल्या निंबाला हात पोचतो तिथवर एक पान नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, शेळ्या खातात. चवड्यांवर उभी राहून मी वरची डहाळी ओढली, पाला मुठीत चोळला, परत येऊन मेंढीच्या तोंडात रस पिळला. हात कडू झाला.

पाठमोरा तो माणूस म्हणाला, "म्हंजी आबानं लेकीला सांगितलं म्हणायचं."

आबा मान खाली घालून माती उकरत होते.

"सांगितलं," मी म्हणाले.