रेड्याचा सूर आणि एक शब्द

श्रीमंत पेशव्यांच्या कवायती पलटणीत मी शिपाई व्हायला गेलो आणि रेड्याचा मोतद्दार होऊन परत आलो. हसू नका. तो रेडा तुम्ही ऐकला असता तर तुम्हीही त्याच्यापुढे चवरी ढाळली असती.

छावणी मुळेच्या काठी होती. कप्तानसाहेब फिरंगी, हुकूम इंग्रजी, शिव्या मात्र अस्सल कसब्यातल्या. पहाटे बिगुल, मग कवायत, मग भाकरी, मग पुन्हा कवायत. पहाऱ्यावरचा शिपाई कुणी दिसलं की ‘हुकुमदार!’ असं ओरडायचा आणि येणाऱ्याने ‘फ्रेन’ म्हणायचं. या दोन शब्दांचा अर्थ पलटणीत कुणालाच ठाऊक नव्हता. न बोलणाऱ्याला गोळी बसते, एवढं ठाऊक होतं. भाषा शिकायला तेवढं पुरतं.

मी तांबट आळीतला. हवालदार जोत्याजीने माझे हात पाहिले, बंदूक काढून घेतली आणि मला बँडच्या तंबूत नेलं. तिथे तो उभा होता. मुंबईला लागलेल्या कुठल्याशा जहाजातून आलेला क्लॅरिनेट. साधा क्लॅरिनेट सनईचा चुलतभाऊ म्हणून खपून जातो. हा त्या दोघांचा आजा. काळं लाकूड, माझ्या छातीएवढा उंच, खाली जाऊन पुन्हा वर वळलेला, अंगभर पितळी झाकणं. फुंकला की आवाज कानाआधी पोटात शिरायचा आणि शेजारच्या घागरीतल्या पाण्यावर वलयं उठायची. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नकळत हात जोडले. कप्तानसाहेबांना वाटलं, मी त्यांना सलाम करतोय. त्यांनीही केला.

पलटणीने त्याचं नाव रेडा ठेवलं. कसब्यातून बँड निघाला तेव्हा ओट्यावरच्या एका शास्त्रीबुवांनी आम्हाला थांबवून विचारलं होतं, “माउलींच्या रेड्याने वेद म्हटले. आपल्या रेड्याचं पोट बिघडलंय का?”

त्याचं पोट सांभाळणं हेच माझं काम. खालचं तोंड बोळ्याने बंद करायचं, वरून उदाचा धूर सोडायचा. जिथून धूर निघेल तिथे दुखणं. झाकणाखाली कोकराचं कातडं बसवायचं, सांध्याला मेण लावलेलं सूत गुंडाळायचं, फुंकायच्या टोकाला बसवायला नदीकाठच्या जाड बोरूची पत्ती तासायची. धूर कुठूनच निघाला नाही की रेडा सदूच्या हाती द्यायचा.

सदू गुरव. सात पिढ्या देवळात सनईमागे सूर धरणारं घराणं. सनईवाला राग वाजवतो, त्याच्यामागे एक माणूस एकच स्वर धरून बसतो, तो सदू. नाकाने वारा घ्यायचा, गालात साठवायचा, तोंडाने सोडत राहायचा. सूर तुटू द्यायचा नाही. आरती संपली, देवापुढचा पडदा ओढला की पुजारी म्हणतो, ‘झालं.’ तो शब्द कानावर येईपर्यंत सूर सोडायचा नाही, अशी घराण्याची शिस्त.

पलटणीत दम मोठा म्हणून रेडा त्याला मिळाला. आता त्याला वाजवता येत होता एकच स्वर. पहिल्या परेडला सगळा बँड थांबला, हा थांबेना. बँडमास्तरने हात हलवले, टोपी हलवली. कप्तानसाहेबांनी अख्खं भाषण त्या सुरावर केलं. त्यांचं तेवढं एकच भाषण सुरात होतं. शेवटी मी त्याच्या कानात पुजाऱ्याचा शब्द म्हटला आणि सूर थांबला. त्या दिवसापासून तो शब्द म्हणायची ड्यूटी माझी.

दसरा उलटून गेला होता. अर्धी पलटण पेंढाऱ्यांच्या मागावर गेली होती, ती येरवड्याच्या उताराने परतायची होती. घाटात अवेळी पाऊस पडला आणि नदी फुगली. उतार म्हणजे पाण्याखालचा खडकाचा सरळ पट्टा, बैलगाडीएवढा रुंद. दोन्ही अंगांना डोह. एरवी पाण्याच्या रंगावरून तो ओळखू येतो. त्या सकाळी धुक्यात मला माझेच पाय दिसत नव्हते. पलीकडून बंदुकांचे आवाज आले. आपली माणसं काठाला पोचली होती आणि पेंढारी त्यांच्या पाठीवर होते.

“बिगुल,” कप्तानसाहेब म्हणाले.

बिगुल वाजला. पण बिगुलवाला दम घ्यायला थांबला की पाण्यातला माणूस थबकायचा, चुकून वळायचा. दोघे डोहात गेले. त्यांच्या हाका ऐकू आल्या, मग आल्या नाहीत.

सदू रेडा घेऊन उताराच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उतरला आणि फुंकला.

“तांबटा, फुसकतोय.”

ओलीने सांध्याला चीर गेली होती. मेण तंबूत राहिलं होतं. मी त्याच्या शेजारी पाण्यात उतरून दोन्ही अंगठे चिरेवर दाबले.

“आता?”

“आता हलू नकोस.”

सूर लागला. बिगुल धुक्यात विरत होता. हा पाण्यावरून सरपटत गेला. सुराच्या रोखाने चालेल तो खडकावर राहील, इतका सोपा हिशेब. धुक्यातून पहिला शिपाई वर आला.

“हुकुमदार!”

“फ्रेन.”

मग दुसरा. मग एकमेकांचे पट्टे धरून रांगच.

पेंढाऱ्यांनाही कान होते. गोळ्या सुराच्या दिशेने येऊ लागल्या.

“सूर बंद. ऑर्डर आहे,” कप्तानसाहेब म्हणाले.

सदूने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, तो एकाच शब्दाला थांबतो.”

“मग म्हण तो.”

“माणसं पाण्यात आहेत, साहेब.”

कप्तानसाहेब पाण्यात उतरले आणि सदूच्या दुसऱ्या अंगाला येऊन उभे राहिले.

मध्येच एकदा माझ्या अंगठ्यांखाली लाकूड शहारलं. मला वाटलं, पत्ती भिजली. सूर तसाच होता. त्यानंतर निम्मी माणसं अलीकडे आली.

शेवटी जोत्याजी हवालदार वर आला.

“मागे?” साहेबांनी विचारलं.

“कोणी नाही.”

मी सदूच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, “झालं.”

सूर थांबला. नदी पुन्हा ऐकू येऊ लागली. आयुष्यात इतकी मोठी शांतता मी ऐकलेली नाही. सदूने रेडा माझ्या हातात दिला, मी नीट धरलाय ना हे पाहिलं आणि मग पाण्यात बसला. गोळी बरगडीत होती. कधीची, ते माझ्या अंगठ्यांना ठाऊक होतं.

“चीर बुजव रे,” तो म्हणाला. तेवढ्यावर त्याचा दम संपला.

चीर मी त्याच दिवशी बुजवली. धूर सोडून पाहिला, कुठूनही निघाला नाही. पण रेड्याला नंतर कुणाचा दम पुरला नाही.

परवा धाकट्या सूनबाईने विचारलं, “मामंजी, जेवण झालं?”

मी म्हणालो, “आटोपलं.”

तिला वाटलं, स्वयंपाक बिघडला. घरच्यांना सवय आहे, ती नवीन आहे. तिला जवळ बसवून हे सगळं सांगितलं. एक माणूस छातीत गोळी घेऊन त्या शब्दाची वाट पाहत उभा राहिला होता, सूनबाई. तो शब्द मी भाताला वापरत नाही.