फोस्का म्हणजे सावळी

मुलीला मुलगी झाली त्या दुपारी हॉस्पिटलातच जावयाने नाव जाहीर करून टाकलं. "फोस्का. माझ्या आजीचं नाव."

माझी इटालियन विहीणबाई एकदम गप्प झाली. ते तिच्या आईचं नाव. हातातली नात तिने माझ्याकडे दिली आणि पार्किंगचं काहीतरी कारण काढून खाली गेली.

नात माझ्यावर गेली होती, चांगली सावळी. पुण्यात मला बघायला आलेली माणसं कशी चहा पिऊन, रंग बघून परत जात, ते मी विसरले नव्हते. विहीणबाईच्या गप्प होण्याचा अर्थ मी तिथल्या तिथे लावला. स्कारबरोला घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "आपल्या आईचं नाव काळ्या पोरीला दिलेलं तिला रुचलं नाही."

त्याच आठवड्यात विहीणबाई वॉनच्या आपल्या घरून एकटीच गाडी चालवत आली. बाहेर बर्फ पडत होता. बूट काढले, कोट मात्र अंगावरच ठेवला.

"त्या नावाचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?"

"नाही."

"मग मीच सांगते. उद्या कुणी इंटरनेटवर बघून सांगायला नको."

तिच्या आईचं गाव व्हेनिसजवळ, खाडीकाठी. तिकडे या नावाच्या संतिणीचं फार जुनं चर्च आहे. रोमन काळात धर्मापायी मारली गेलेली कोवळी मुलगी. तिच्यावरून पूर्वी हे नाव ठेवत, आता इटलीतही क्वचितच ऐकू येतं.

"पण मूळ शब्द लॅटिन आहे," ती म्हणाली. "अर्थ डार्क. काळसर. माझी आई गोरीपान होती, त्यामुळे अर्थाकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नाही. माझ्या मुलाला तर तो माहीतही नाही. तुम्हाला वाटेल, आम्ही बाळाचा रंग बघून..." तिचे डोळे भरून आले. "दुसरं ठेवू या. मी समजावते त्याला."

म्हणजे हे होतं! इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मला हसूच फुटलं.

"अहो, आमच्याकडे कृष्णा म्हणजे तेच. श्यामा म्हणजे तेच. देवाचं नाव, नदीचं नाव. आमच्या माहेरची देवी तर सरळ काळूबाई!"

"आणि मुलींनाही ठेवता?"

"कौतुकाने ठेवतो." हे कौतुक लग्न ठरवताना कुठे जातं, ते मात्र त्या दिवशी मी सांगितलं नाही.

तिने कोट काढला. मी पोहे केले, ते तिने दोनदा मागून घेतले.

बारसं मुलीच्या काँडो फ्लॅटमध्ये झालं. आत्या म्हणजे जावयाची बहीण. ती पाळण्यात वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र... फोस्का" करायला लागली आणि आमच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"व्हॉट डिड आय डू?" ती ओरडली.

विहीणबाई खुर्चीतून उठली, बायकांच्या घोळक्यात शिरली आणि लेकीच्या पाठीत तिनेही एक ठेवून दिला.