तारेने बांधलेला दिवा

त्या दिव्याची मान तारेने बांधण्याची चूक माझीच होती, आणि घोटीचा नवा तांदूळ घरात आला की त्याच्या वासाबरोबर ती मला आठवते. लग्नानंतर दोनच वर्षांनी, गंगापूर रोडच्या आमच्या दोन खोल्यांसाठी आम्ही एक टेबललॅम्प घ्यायला गेलो होतो. दुकानात एकाची मान इकडेतिकडे वळवून बघत बायको म्हणाली, "हाच घेऊ. सांगू तिकडे बघतो, तुमच्यासारखा नाही." घरी मी तो स्टुलावर ठेवला आणि त्याचा उजेड भिंतीवरच्या ढालीवर पाडला. ऑफिसच्या कॅरम स्पर्धेत मिळालेली ती ढाल त्या पिवळ्या उजेडात अगदी चांदीची वाटे. पण संध्याकाळी परतलो की दिवा तांदळाच्या ताटावर वाकलेला असे आणि बायको निवडत बसलेली. खोलीतला बल्ब मिणमिणता होता, तरी तिसऱ्या दिवशी मी चिडून दिव्याची मान ढालीकडे वळवून तारेने पक्की बांधली. ती बल्बखालीच निवडत राहिली. रविवारी तिचा भाऊ जेवायला आला आणि पहिल्याच घासाला त्याच्या दाताखाली कचकन खडा आला. "ताई, दात पाडायला बोलावलंस का गं?" तो हसत म्हणाला. "दाजींना विचार," ती वाढता वाढता म्हणाली, "या घरात उजेड ढालीला लागतो, तांदळाला नाही." जेवण होताच मी तार सोडली, पण माफी मागायची राहून गेली. इतक्या वर्षांनी काल तोच दिवा ताटावर वाकवून मी तिच्यासमोर निवडायला बसलो, चार खडे वेचले आणि म्हणालो, "त्या तारेचं चुकलं माझं. उजेड तुला हवा होता."